पापणी लवली तरी

सोमवार, ११ जून २००७

ही डायरी २००४ सालची. पतपेढीने फुकट दिलेली, कपाटात कोरी पडून होती. तारखा खऱ्या, वार खोटे, म्हणून वार खोडून वर नवे लिहितो आहे. त्रेसष्टाव्या वर्षी डायरी उघडून बसलेला नवरा बघून सुभद्रा हसली. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. खरं तर त्यांनी एवढंच सांगितलं होतं की थेंब कधी घातले ते रोज टिपून ठेवा, आणि त्यासाठी छापील तक्ताही दिला. पण त्या तक्त्यात फक्त खूण करायला चौकोन आहेत. माणसाला जे वाटतं ते चौकोनात मावत नाही.

दोन वर्षं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय. आधी चष्मा बदलला, मग गुलाबपाणी झालं, मग शेजाऱ्यांनी सांगितलेला मध झाला, ज्याने मी चाळभर नाचलो. शेवटी आज परळच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. चांगल्या डोळ्याची पट्टी पंधरा मिलिमीटर तरी भिजते म्हणे. माझी तीन भिजली.

बाई म्हणाल्या, हे दुखणं जाणारं नाही, सांभाळायचं आहे. सांभाळलं नाही तर बुबुळावरच्या पडद्याला जखम होईल, व्रण राहील, आणि नजर धूसर होईल ती कायमची. मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

"गणपतीचे डोळे आखतो."

त्यांचं पेन थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग आधी तुमचे सांभाळू या."

सलाईनचे थेंब दिलेत. दर तासाला घालायचे. पंख्यासमोर बसायचं नाही, रंग फवारायची गन चालते तिथे जायचं नाही, आणि पापण्या लववत राहायचं. शेवटचं सोडून बाकी सगळं जमेल.

थेंब: सहा.

गुरुवार, २१ जून

शेवटचं का जमणार नाही ते आज लिहितो, म्हणजे निदान मला तरी कळेल.

ब्याऐंशीच्या संपात गिरणीतला माझा साचा, म्हणजे कापड विणायचा माग, बंद पडला तो पडलाच. आमच्या गावचे अण्णा लालबागेत गणपतीचा कारखाना चालवायचे. त्यांनी मला मूर्ती घासायला घेतलं. चार वर्षं घासल्यावर हातात ब्रश दिला, आणि एक नियम दिला. बुबुळ भरायला घेतलं की तेजाचा पांढरा ठिपका देईपर्यंत आपली पापणी लवायची नाही. देव बघायला लागतो त्या वेळी आपण डोळे मिटायचे नाहीत. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. कारखाना आता त्यांचा मुलगा भिवा बघतो, पण नियम मी मोडलेला नाही. गेल्या वर्षी कारखान्यातली मालन घड्याळ घेऊन बसली होती, तिने चौऱ्याहत्तर सेकंद मोजले. मला अभिमान वाटला, तो लपवायला मी तिच्यावर ओरडलो.

अण्णांची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक मूर्तीआधी हात जोडून, डोळे मिटून बराच वेळ बसत. ती मात्र मी सोडून दिली. सीझनला तीनशे मूर्ती असतात, प्रत्येकीपुढे बसून राहिलो तर दिवाळी उजाडेल.

मालन म्हणजे गिरणीत साच्यावरचा माझा जोडीदार दौलत, त्याची मुलगी. कारखान्यात दागिने रंगवते. हात हलका आहे. तीन वर्षं डोळ्यांची आखणी मागते आहे आणि तीन वर्षं मी 'पुढच्या साली' म्हणतो आहे. का देत नाही, ते लिहायला ही डायरी पुरायची नाही.

सलाईनने बरं वाटतं, पण दहाच मिनिटं. गिरणीच्या साचेखात्यात सूत कोरडं पडलं की तटातट तुटायचं, म्हणून हवेत पाण्याचे फवारे सुटायचे. माझं तसंच झालंय. फवारा थांबला की तुटतं.

थेंब: अकरा.

मंगळवार, ३ जुलै

आज माझं रक्त काढलं. बाई म्हणाल्या, नुसतं सलाईन पुरत नाही, आता तुमच्याच रक्ताचे थेंब करू. मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी नीट समजावलं. रक्त थिजू देतात, यंत्रात गरगर फिरवतात, लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. ते सलाईनमध्ये मिसळून छोट्या बाटल्यांत भरतात. आसवांत जे जे असतं त्यातलं बरंचसं त्यात असतं म्हणे, आणि जखम भरते.

सुभद्राने घरी येईपर्यंत काही विचारलं नाही. मग गूळ-शेंगदाणे पुढे ठेवून म्हणाली, रगत काढलानी तर खावक होया. मी खाल्ले. भीती वाटत होती, पण सुईची नव्हे.

शुक्रवार, ६ जुलै

बाटल्या आणल्या. चाळीस. एक बाटली एक दिवस. उघडलेली फ्रीजमध्ये ठेवायची, दुसऱ्या दिवशी उरली तरी फेकायची. बाकीच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात. इस्पितळापासून घरापर्यंत गार राहायला हव्यात, म्हणून सुभद्राने तिची मैत्रीण राधाबाई, माहीमची कोळीण, आमच्या बाजारात बसते, तिच्याकडून थर्मोकोलची पेटी आणि बर्फ आणला होता. पेटी तीनदा धुतली तरी बांगड्याचा वास. वॉर्डातली परिचारिका म्हणाली, आजोबा, जेवण आणलंत का?

राधाबाईने पेटीचं भाडं घेतलं नाही. बर्फात ठेवायच्या वस्तूची तिला कदर आहे. बाटलीचं तोंड कुठे लागू द्यायचं नाही, हात साबणाने धुवायचे, हे सगळं तिने मला पुन्हा एकदा शिकवलं, जणू डॉक्टर तीच.

कप्प्यात एका बाजूला सुरमईचे तुकडे, एका बाजूला माझ्या बाटल्यांचा स्टीलचा डबा. संध्याकाळी पहिला थेंब घातला. काही झालं नाही. थोडं गार वाटलं.

रविवार, २२ जुलै

आज सकाळी डोळे उघडले आणि पापणी चिकटली नव्हती. मी तसाच पडून राहिलो. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावरचे आकडे, खालची बारीक अक्षरं सुद्धा वाचली. सुभद्राला हाक मारून वाचून दाखवली. ती म्हणाली, त्यात काय, ती मी रोजच वाचते. पण चहात साखर दुप्पट होती.

मी फार खूश आहे. लिहून ठेवतो, कारण मी खूश असल्याचं तोंडाने सांगायची मला सवय नाही.

कारखान्यात लहान मूर्तींची आखणी सुरू. चाळीस झाल्या. रेघ ताठ येते आहे. भिवाने कॉटन ग्रीनच्या मंडळाची नऊ फुटी मूर्तीही दाखवली, अजून पांढरीच आहे. "काका, हिचे डोळे तुमच्याशिवाय कोणाचे नाहीत," म्हणाला. तिचे डोळे आखता यावेत, एवढंच या वर्षी मागणं आहे.

थेंब: आठ.

मंगळवार, १४ ऑगस्ट

श्रावण लागला. दुसऱ्या खेपेच्या बाटल्याही परवाच आणल्या. सुरमई संपली, बर्फाचा कप्पा धुऊन निघाला. सुभद्राने आत देवाच्या नैवेद्याचं लोणी ठेवलं, आणि त्याच्या शेजारी माझा डबा.

ते दोन डबे शेजारी बघितले आणि माझा डबा मी बाजूला सरकवला. आजवर मी याचा विचारच केला नव्हता. श्रावण ते चतुर्थी आम्ही कारखान्यात अंडंसुद्धा खात नाही. अण्णांच्या वेळेपासून आखणारा माणूस आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसतो. आणि मी डोळ्यांत रक्त घालून देवाचे डोळे आखायला बसणार?

बाईंना विचारलं तर हसतील. भिवाला विचारलं तर "टेन्शन नका घेऊ" म्हणेल, तो प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतो. म्हणून कोणाला विचारलं नाही. चतुर्थीपर्यंत महिनाच आहे. तोवर सलाईनवर काढीन. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्याचा कोणाला विटाळ नाही.

बाईंच्या तक्त्यावर आठ खुणा केल्या. इथे खरं लिहितो.

रक्ताचे थेंब: एकही नाही. सलाईन: दहा.

सोमवार, २० ऑगस्ट

दुपारनंतर जड जातंय. पण आज एक नवल झालं. काल संध्याकाळी उठताना शेवटच्या सहा मूर्तींच्या डाव्या डोळ्याची रेघ मला वाकडी वाटली होती. मन खट्टू झालं, म्हटलं सकाळी पुसून पुन्हा करू. आज जाऊन बघतो तर सहाही सरळ. म्हणजे रेघ चांगलीच असते, संध्याकाळी माझी नजरच मला फसवते. बरं वाटलं. हात शाबूत आहे.

सुभद्रा हल्ली दुपारचा डबा स्वतः घेऊन येते. तिचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, तरी येते. आल्यावर मालनजवळ बसते, दोघींचं काहीतरी कुजबुजणं चालतं. बायकांना विषय कमी नसतात.

"थेंब घातलात?" तिने विचारलं.

"घातले," मी म्हटलं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्याशी मी एवढं सरळ खोटं बोललो नव्हतो. आधीची वर्षं आठवत नाहीत.

शनिवार, २५ ऑगस्ट

उजव्या डोळ्यात काच खुपते आहे. उजेड सहन होत नाही. मालनने न विचारता माझ्या पाटावरचा दिवा बदलून पिवळा लावला, पंखा दुसरीकडे फिरवला. ही मुलगी फार पुढे पुढे करते. संध्याकाळी सगळे गेले तरी ती थांबते, दागिन्यांचं काम उरलंय म्हणते. गेल्या वर्षी तर तिचं काम सगळ्यांच्या आधी संपायचं.

सुभद्राने आज बर्फाच्या कप्प्यातून डबा काढला, उघडला, बराच वेळ आत बघितलं, परत ठेवला. लोण्यासाठी जागा करत असावी.

बुधवार, २९ ऑगस्ट

कालची नारळी पौर्णिमा राधाबाईकडच्या नारळीभाताने साजरी झाली. आजचा दिवस मात्र विसरता येणार नाही.

अकरा वाजता एका मूर्तीचं उजवं बुबुळ भरायला घेतलं. नियमाप्रमाणे पापणी रोखून धरली. पांढरा ठिपका द्यायच्या आत डोळ्यात असं काही फाटल्यासारखं झालं की ब्रश हातातून सुटला आणि मूर्तीच्या गालावर काळा ओघळ आला. मी खाली बसलो. डोळा उघडेना. भिवा ओरडला, मालनने ओलं फडकं डोळ्यावर धरलं. डोळ्यातून पाणी यावं म्हणून मी जीव तोडून रडायचा प्रयत्न केला. तेही येईना.

टॅक्सीने इस्पितळात नेलं. बुबुळावरचा पडदा खरवडला गेला होता. बाईंनी निळा उजेड टाकून पाहिलं. मग तक्ता मागितला. त्यावर रोजच्या आठ खुणा. बाईंनी तक्ता पाहिला, डोळा पाहिला, आणि म्हणाल्या, "काका, दोन्हीपैकी एक खोटं बोलतंय."

त्यांनी डोळ्यावर औषध घालून पट्टी बांधली. म्हणाल्या, आजपासून दुसऱ्या डोळ्यात सीरम, पट्टी निघाली की या डोळ्यातही. या वेळी व्रण राहिला नाही तर नशीब. पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही.

हे एका डोळ्याने लिहिलं आहे. ओळी वाकड्या आहेत, आणि या वेळी खरोखरच वाकड्या आहेत.

गुरुवार, ३० ऑगस्ट

सकाळी सुभद्राने डबा आणून पुढ्यात आपटला. सगळ्या बाटल्या भरलेल्या. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी स्वतःहून सांगेन म्हणून वाट बघत होती.

मग मी सांगितलं. रक्त, श्रावण, धोतर, अण्णा, सगळं. सांगताना फार शरम वाटली, आणि सांगून झाल्यावर हलकं वाटलं. ती ऐकत होती. तांदूळ निवडणं थांबलं नव्हतं. मग म्हणाली:

"पार्वतीन आपल्या आंगाच्या मळातसून त्येका केल्यान. त्याचो त्येका इटाळ झालो नाय. मगे तुमच्या रगताचो कसो होतलो?"

मी पन्नास वर्षं ती गोष्ट ऐकतोय. दरवर्षी कीर्तनात ऐकतो, नातवंडांना सांगतो. आईच्या अंगाचंच घेऊन झालेला देव. तिने साबणाने हात धुतले, माझी मान मागे केली आणि डाव्या डोळ्यात थेंब घातला. थेंब गालावर ओघळला तो पदराने पुसला. म्हणाली, एवढ्यासाठी डोळे घालवायला निघाला होतात.

थेंब: आठ. सुभद्राने मोजले.

बुधवार, ५ सप्टेंबर

परवा पट्टी निघाली. तीन दिवस दोन्ही डोळ्यांत नियमाने थेंब. आज बाईंनी तपासलं. पडदा भरून आलाय, व्रण नाही. कागदाची पट्टी पुन्हा लावली, ती तीनवरच थांबली. ती तीनच राहणार, म्हणाल्या, विहिरीला पाणी नाही ते नाहीच, पण बाहेरून आणून शेत जगवता येतं. बाईंचं माहेर बहुतेक घाटावरचं.

मी त्यांना पापणीचा नियम सांगितला. त्या हसल्या नाहीत. विचारलं, तुमच्या गुरूंचे डोळे शेवटपर्यंत कसे होते? मी म्हटलं, उत्तम, सत्तराव्या वर्षी बिनचष्म्याने पेपर वाचायचे. त्यांनी विचारलं, मग दोन मूर्तींच्या मध्ये ते काय करायचे?

मी सांगायला लागलो आणि सांगता सांगताच कळलं. हात जोडून, डोळे मिटून बसायचे. बराच वेळ. मी वीस वर्षं त्याला प्रार्थना समजत होतो. प्रार्थना असेलही. पण त्यात डोळ्यांनाही विश्रांती होती, आणि अर्धाच नियम घेऊन मी मिरवत राहिलो. अण्णांनी मला कधी नीट सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. आम्हा दोघांचाही स्वभाव तसलाच.

रविवार, ९ सप्टेंबर

आज कारखान्यात गेलो. काम करायला नाही, बघायला. डोळे स्वच्छ, उजेड सहन होतो. फळीवर तयार मूर्तींची रांग होती, गिऱ्हाईक न्यायला येत होतं.

पहिल्या दोन फळ्या माझ्या. तिसऱ्या फळीपाशी थांबलो. डाव्या डोळ्याच्या खालच्या रेघेचं टोक किंचित वर उचललेलं. मी टोक कधी उचलत नाही, अण्णांनी मला ते खाली उतरवायला शिकवलं. चौथी फळी तशीच. त्या सहा मूर्ती, ज्यांची रेघ आपोआप सरळ झाली म्हणून मी खूश झालो होतो, त्याही तशाच. मी मोजलं. एकशे बारा.

पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला लिहू, फार राग आला. माझ्या माघारी, माझ्या पाटावर, माझ्या ब्रशने. मग मी त्यातली एक मूर्ती उजेडात नेली. डोळे माझ्याइतके करारी नव्हते. पण आईकडे बघावं तसे बघत होते. उचललेल्या टोकामुळे किंचित हसू आलं होतं. घेऊन जाणारी बाई म्हणाली, या वर्षी गणपती किती प्रसन्न आहेत हो तुमचे. मी हो म्हटलं.

मालन कोपऱ्यात मुकुट रंगवत होती, वेलीचं टोक तसंच किंचित वर उचलून. तिने माझ्याकडे बघितलं नाही. घरी येऊन सुभद्राला म्हटलं, डबा घेऊन कारखान्यात का येत होतीस? ती म्हणाली, डबा पोचवायला.

बुधवार, १२ सप्टेंबर

कॉटन ग्रीनच्या मूर्तीची आखणी आज. मंडळवाले उद्या ट्रक आणणार.

आंघोळ करून, धोतर नेसून, थेंब घालून निघालो. फळ्यांच्या परांचीवर चढलो. चढताना भिवाने एका बाजूने धरलं, मालनने दुसऱ्या. वर गेल्यावर हात जोडले आणि डोळे मिटले. अण्णांइतका वेळ. खाली कोणीतरी खोकलं, कोणीतरी म्हणालं की काका झोपले काय. झोपलो नव्हतो. पापण्यांच्या आत गार वाटत होतं.

उजवा डोळा आखला. पापणीची रेघ, तपकिरी, काळं, मग ठिपका. मध्ये दोनदा पापणी लवली. देव रागावला नाही. रेघ ताठ आली.

मग मी मागे सरकलो आणि मालनला वर बोलावलं. खारीच्या केसांचा तो ब्रश, अण्णांनी मला दिलेला, तिच्या हातात दिला. डावा तुझा, म्हटलं. ती नाही म्हणाली. ब्रश परत पुढे केला. म्हणाली, काका, दोन डोळे वेगळे दिसतील. मी म्हटलं, एकशे बारा मूर्तींत कोणाला दिसले नाहीत.

तिचा चेहरा असा झाला की मला माझी चेष्टा परत घ्यावीशी वाटली. ती रडायला लागली. तिला रडू किती सहज येतं, ते बघून क्षणभर हेवाही वाटला. पदराने डोळे पुसून तिने ब्रश उचलला, श्वास धरला, डोळे ताणून मोठे केले. मीच तिला शिकवलेलं होतं, लांबून, ओरडून ओरडून.

"पापणी लवली तरी चालेल गो," मी म्हटलं.

तिची पापणी लवली. मग तिने रेघ ओढली, टोक किंचित उचललं. खाली भिवा मागे जाऊन, मग जवळ येऊन बघत होता. शेवटी म्हणाला, काका, मस्त बघतोय. त्याने 'टेन्शन नका घेऊ' म्हटलं नाही, हे विशेष.

परत येताना राधाबाईची पेटी घेतली. सोमवारी पुन्हा रक्त द्यायचंय, उरलेल्या बाटल्या संपायच्या आत नव्या तयार हव्यात.

थेंब: आठ. खरे आठ.